बरोबर म्हणेपर्यंत

मी लोकांना भांडायला शिकवते. दारावरच्या पाटीवर ‘समुपदेशक’ लिहिलंय, पण खरं काम हेच. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, सासू-सून. एकदा तर एकाच दुकानातले दोन न्हावी आले होते, खिडकीजवळची खुर्ची कुणाची यावरून सहा महिने अबोला धरलेले. सगळ्यांना माझं शिकवणं एकच: ओरडू नका, टोमणे मारू नका, जुनी मढी उकरू नका, समोरच्याचं पुरतं ऐका आणि मग बोला. स्वतःच्या सख्ख्या बहिणीशी मी अकरा वर्षं बोललेले नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मला तोंडावर ऐकवून झालंय. तुम्ही नवीन काही सांगत नाही.

माझी खोली टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. तीन खुर्च्या, एक बुटकं टेबल, कागदी रुमालांचा खोका. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे लावलंय, म्हणजे ते फक्त मला दिसतं. टेबलावर प्लॅस्टिकमध्ये बसवलेलं पिवळं कार्ड, त्यावर चार ओळी. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. ऐकणाऱ्यानं ऐकलेलं आपल्या तोंडानं परत सांगायचं, पदरचा मीठमसाला न घालता. बोलणारा ‘बरोबर’ म्हणाला की मगच ऐकणाऱ्याची पाळी. आणि दोघांच्या पाळ्या होईपर्यंत कुणी जागेवरून उठायचं नाही.

तिसरी ओळ माझी स्वतःची. बाकीचे समुपदेशक ऐकणाऱ्याला एकदा, फार तर दोनदा परत बोलायला लावतात आणि पुढे सरकतात. मला ते कधीच पटलं नाही. माणसं लबाड असतात हो. अर्धं ऐकतात, अर्धं गिळतात आणि आपली पाळी कधी येते त्याची वाट बघत बसतात. म्हणून मी मर्यादाच काढून टाकली. बोलणाऱ्याचं समाधान होऊन तो ‘बरोबर’ म्हणेपर्यंत परत सांगत राहायचं, दहा वेळा लागो की वीस वेळा. चाळीस समुपदेशकांनी माझ्याकडून हे शिकून घेतलं आणि मी मान ताठ करून शिकवलं.

ती जोडी कोर्टानं पाठवलेली. तो चष्मेवाला. स्वतःचं छोटं दुकान, स्वतःच डोळे तपासायचा. स्वच्छ नखं, मऊ आवाज, ‘हे भिंग बरं की ते बरं?’ असं दिवसभर लोकांना विचारून आलेली एक सवय, की उत्तर मिळेपर्यंत तुमच्याकडे बघत राहायचं. ती शहराच्या बसवर ड्रायव्हर. दणकट मनगटं, आणि आवाज असा की मागच्या सीटवरच्या झोपलेल्या माणसाला उठवेल. मुलगी एक, नऊ वर्षांची. तिला घरात मुंगी म्हणायचे.

घटस्फोट दोघांनाही हवा होता, त्यावर तंटा नव्हता. तंटा होता मुंगीवर. दोघं अजून एकाच घरात राहत होते, कारण जो घर सोडेल तोच मुलगी सोडतोय असं दिसेल, असं दोघांच्याही वकिलांनी सांगितलेलं. कोर्टानं दहा बैठका घ्यायला लावल्या आणि शेवटी माझा अहवाल मागितला: मुलीचं नीट ऐकून घेणारं, तिला शांतपणे सांभाळणारं या दोघांत कोण? मुंगी कुणाकडे राहणार ते बहुतेक त्या अहवालावर ठरणार होतं. हे मला माहीत होतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बिचारीला कल्पना नव्हती.

पहिल्या बैठकीत पाळी त्याची होती.

“मला असं वाटतं,” तो म्हणाला, हात मांडीवर ठेवून, “की मुंगी तापानं फणफणली होती त्या दिवशी तू ड्यूटी बदलून घेतली नाहीस, आणि मी एकटा पडलो.”

“एकटा?” ती खुर्चीत पुढे सरकली. “मी डेपोतून तीन वेळा फोन केला, ताई! तीन वेळा! ह्यानं एकदा उचलला नाही!”

“पाळी त्यांची आहे,” मी म्हणाले. “आधी ते काय म्हणाले ते परत सांगा.”

“काय सांगू? धादांत खोटं बोलतोय ते सांगू?”

“जे ऐकलंत ते सांगा.”

“मी काय पोपट आहे?”

मी वहीत लिहिलं: ऐकून घेण्याची तयारी नाही. खरं सांगायचं तर मला ती पहिल्या पाच मिनिटांतच आवडली नाही. मोठ्या आवाजाची बाई आली की माझं डोकं उठतं. आमच्या घरात तसा एक आवाज होता, माझ्या बहिणीचा.

तिची पाळी आली तेव्हा ती फोनबद्दल बोलली. दुकानाचं शटर खाली ओढून तो दुपारभर फोन बंद ठेवतो, मुलीला बरं नसलं तरी, असं काहीतरी. ती बोलायची थांबल्यावर त्यानं एक श्वास घेतला आणि शब्दाला शब्द परत सांगितलं. एक वेलांटी इकडची तिकडे नाही. मी बावीस वर्षांत इतकं सुरेख परत सांगणं ऐकलं नव्हतं.

“बरोबर,” ती लगेच म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, “मी बोलले तेच तो बोललाय की. मग बरोबर म्हणायला माझं काय जातं?”

मी त्यांना एक कार्ड आणि घरचा अभ्यास दिला. रोज संध्याकाळी अर्धा तास, एक विषय, दोन पाळ्या, कार्ड समोर ठेवून. तो नव्या वहीवर तारीख घालून लिहून आणायचा. ती हात हलवत यायची.

पाचव्या बैठकीला मात्र ती बदललेली होती. तो काही बोलला की ताबडतोब, एका दमात, सपाट आवाजात परत सांगायची. नजर त्याच्या ओठांवर. मध्ये तोंड घालणं बंद, टेबलावर हात आपटणं बंद. तो दोन्ही वेळा पहिल्याच फटक्यात ‘बरोबर’ म्हणाला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी टाळी वाजवली, चक्क वाजवली. “बघा, जमतंय की नाही?” ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी म्हटलं, शिफ्टची नोकरी, होणारच.

सातव्या आणि आठव्या बैठकीच्या मध्ये ती एकटीच आली. भर दुपारी, खाकी शर्टावर, चाव्या हातात. खाली टायरच्या दुकानासमोर तिची रिकामी बस उभी होती आणि दुकानदार बोंबलत होता.

“ताई, वीस मिनिटं आहेत मला. तो घरी बरोबर म्हणत नाही.”

“बसा आधी.”

“बसायला वेळ नाही. तुमच्यासमोर म्हणतो, घरी म्हणत नाही. मी परत सांगते, तो म्हणतो, थोडं राहिलं. परत सांगते. अजून थोडं राहिलं. काय राहिलं ते सांगत नाही. मग मीच काहीतरी घालते त्यात. परवा सुरुवात झाली मी डबा करायला विसरले तिथून. सव्वादोन तास, ताई! शेवटी मी काय म्हणत होते माहितीये? ‘तुला असं वाटतं की मी आई व्हायलाच नको होतं.’ माझ्या तोंडानं! तेव्हा कुठे तो म्हणाला बरोबर. आणि मुंगी समोर बसलेली. तो तिला बसवतो. म्हणतो, पोरीनं शिकलं पाहिजे.”

“मग तुमची पाळी?”

“माझी पाळी? तोवर तो म्हणतो, उशीर झाला, उद्या.”

आता ऐका मी काय केलं. समोर एक बाई रस्त्यात बस सोडून आली होती, आणि मी तिला म्हणाले, “तुम्ही सगळी वाक्यं ‘तो’नं सुरू करताय. ‘मला असं वाटतं’नं सुरू करून बघा.”

तिनं चाव्या टेबलावर आपटल्या. “मला असं वाटतं की तुम्ही बहिऱ्या आहात!”

“हे दोषारोपण झालं,” मी म्हणाले. आवाज चढवला नाही. मला माझ्या न चढलेल्या आवाजाचा फार अभिमान वाटला. “आणि अभ्यास अवघड वाटला म्हणून तो सोडायचा नसतो. उठून जाता येत नाही, याच्यातच त्याची किंमत आहे.”

तिनं चाव्या उचलल्या. मग हळू म्हणाली, “तुम्ही त्याला सांगणार नाही ना, मी आले होते ते?”

माझा नियम होता: जोडप्यात गुपित नाही. एक एकटा येऊन गेला, तर दुसऱ्याला कळवायचं. तो नियम मी पाळला. आठव्या बैठकीत, तिच्यादेखत, मी सगळं त्याच्यापुढे ठेवलं. तिचा चेहरा पांढरा पडला. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, “म्हणजे तिला असं वाटतं की मी तिला छळतोय. ऐकून वाईट वाटलं, पण तिनं सांगितलं हे चांगलं झालं. मी अजून नीट ऐकेन, मॅडम.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, विश्वास ठेवा. मऊ लागलं म्हणून मी कोपरानं खणत गेले आणि कुणाच्या अंगात खणतेय ते बघितलं नाही. त्या संध्याकाळचा त्यांचा अभ्यास किती वाजेपर्यंत चालला ते मी विचारलं नाही. पुढच्या दोन्ही बैठकांना ती कामावरून उशिरा आली आणि फारसं बोलली नाही. मी तेही लिहिलं.

अहवाल तीन पानी झाला. वडील: संयमी, सहकार्य करणारे, मुलीचं म्हणणं ऐकून घेण्याची उत्तम क्षमता. आई: प्रेमळ, पण उतावीळ, स्वतःची चूक ऐकून घेणं जड जातं, अभ्यासात सातत्य नाही. ‘प्रेमळ’ हा शब्द घालताना मला वाटलं, आपण किती समतोल लिहितो.

कोर्टानं चार महिन्यांसाठी मुंगीला वडिलांकडे ठेवलं. आईनं घर सोडायचं, आणि दर रविवारी तीन तास भेटायचं. शेवटचा निकाल चार महिन्यांनी.

दोन महिने झाले असतील, तो मुंगीला घेऊन माझ्याकडे आला. माझ्यासाठी नवी चष्म्याची फ्रेम आणली होती, एका मऊ डबीत. “तुमच्यामुळे घरात शांतता आली, मॅडम. एक शब्द मोठा होत नाही आता.” मुंगी त्याच्या मागे उभी होती. बारीक पोर, दोन वेण्या, पाय जुळवून. “हिची प्रगती तुम्ही बघावी आणि चार ओळी लिहून द्याव्या, निकालासाठी. बस बाळ.”

ती बसली. तिनं आपणहून दप्तरातून पिवळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. माझंच कार्ड. वापरून वापरून प्लॅस्टिकच्या कडा सुटलेल्या.

“मला असं वाटतं,” तो मऊ आवाजात म्हणाला, “की रविवारी आईकडून आलीस की तुझं वागणं बिघडतं.”

“बाबा म्हणाले की रविवारी आईकडून आले की माझं वागणं बिघडतं.”

तो हसला. “थोडं राहिलं.”

“बाबा म्हणाले की रविवारी आईकडून आले की माझं वागणं बिघडतं आणि मी उलट बोलते.”

“अजून थोडं.”

“आणि मी हट्ट करते.”

तो नुसता बघत राहिला, मान किंचित कलती, दुकानात भिंग बदलताना बघत असेल तसा. मुंगीचा अंगठा कार्डाच्या कडेवरून पुढे-मागे फिरत होता. “आणि मी हट्टी आहे म्हणून घरात भांडणं व्हायची.” थांबली. त्याच्याकडे बघितलं. “आणि म्हणून आई गेली.” पुन्हा बघितलं. “आणि मी नसते तर आई आणि बाबा दोघं…”

मी घड्याळ बघत होते. एकोणीस मिनिटं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. एकोणीस मिनिटं मी त्या खुर्चीत बसून राहिले. पहिली पाच मिनिटं मला वाटलं, आता म्हणेल. पुढची पाच मी माझ्याच शिस्तीत अडकले, चालू अभ्यासात समुपदेशकानं तोंड घालायचं नसतं. आणि राहिलेला वेळ, खरं सांगते, मला भीती वाटत होती. मी थांबवलं असतं तर ती बाई खरं बोलत होती असं झालं असतं. आणि मग मी कोण, ते मलाच मला सांगावं लागलं असतं.

शेवटी मी म्हणाले, “पुरे.”

त्यानं माझ्याकडे सौम्यपणे बघितलं. “कार्डावर तसं नाहीये, मॅडम.”

“मी म्हणते पुरे! उठ गं बाळ.”

मुंगी उठली नाही. ती त्याच्याकडे बघत होती. तो “बरोबर” म्हणाला, तेव्हा तिचे खांदे खाली आले आणि मग ती उठली. चार ओळी मी लिहून दिल्या नाहीत. फ्रेमची डबी तो टेबलावर तशीच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी मी डेपोत गेले. दुपारची सुट्टी होती, ती बसच्या पहिल्या सीटवर पाय सोडून बसून डब्यातलं खात होती. मला बघून तिनं डबा बंद केला.

“मी चुकले,” मी म्हणाले. सारी बस ऐकेल इतक्या मोठ्यानं म्हणाले, पण बसमध्ये आम्ही दोघीच. मी बघितलेलं सगळं सांगितलं. एकोणीस मिनिटं मात्र ‘थोडा वेळ’ म्हणून सांगितली. “मी कोर्टाला पत्र लिहिते. अहवाल मागे घेते.”

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“काय म्हणाली मुंगी?” तिनं विचारलं. “शेवटी. शेवटचं काय म्हणाली?”

मी सांगितलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं. डब्याचं झाकण तिनं दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

“रविवारी येते ना, तेव्हा मी नुसतं विचारते, खाल्लंस का गं? तर म्हणते, ‘आई म्हणाली की खाल्लंस का.’ आणि बघत बसते माझ्याकडे. मी बरोबर म्हटल्याशिवाय घास उचलत नाही. नऊ वर्षांची पोर माझी! आधी आख्खी बस डोक्यावर घ्यायची.” तिनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. “लिहा तुमचं पत्र. आता तुमच्या लिहिण्याची मला सवय झालीये.”

मी पत्र लिहिलं. चार पानी, अहवालापेक्षा एक पान जास्त. तिसऱ्या ओळीत काय खोट आहे ते सांगितलं, चष्मेवाला त्या ओळीच्या आधारे काय करतो ते सांगितलं, मुलगी ‘बरोबर’ ऐकल्याशिवाय थांबू शकत नाही हे सांगितलं. त्या चाळीस जणांना पत्राची प्रत पाठवली नाही. म्हटलं, निकाल लागू दे, मग बघू.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी आम्हाला त्यांच्या छोट्या खोलीत बोलावलं. लांब टेबल, पाण्याची बाटली, फायलींचा ढीग. एका बाजूला चष्मेवाला आणि त्याचा वकील. दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर, तिची वकीलीण आणि मी. मुंगी मधल्या खुर्चीत, न्यायाधीशबाईंच्या समोर.

“तुमचा अहवाल वाचला आणि तुमचं पत्रही वाचलं,” न्यायाधीशबाई मला म्हणाल्या. “अहवालात वडील उत्तम ऐकतात. पत्रात तेच वडील ऐकण्याच्या नावाखाली छळतात. मी तुमच्यातली कोणती बाई खरी धरू?”

“पत्रातली,” मी म्हणाले.

त्याच्या वकिलानं कार्ड पुढे सरकवलं. “यात माझ्या अशिलानं एक शब्द घातलेला नाही. त्यांनी दिलं, त्यानं पाळलं. आईनं पाळलं नाही, हेही त्यांनीच लिहिलंय. आता आईला भेटून आल्या आणि मत फिरलं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. न्यायाधीशबाईंनी कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि बाजूला ठेवलं. “मी मुलीशीच बोलते. बाकी कुणीही मध्ये बोलायचं नाही. कुणीही.” मग मुंगीकडे वाकून, “बाळ, न घाबरता सांग. तुला कुणाकडे राहायला आवडेल?”

मुंगीनं हात मांडीवर ठेवले. “मला असं वाटतं की आई ऐकून घेत नाही. बाबा ऐकून घेतात. म्हणून मला बाबांकडे राहायचंय.”

“किती नीट बोलतेस गं.” न्यायाधीशबाईंनी लिहायला घेतलं.

पण मुंगीचं झालं नव्हतं. तिनं वळून वडिलांकडे बघितलं. तो गप्प. त्याला गप्प राहायलाच सांगितलं होतं. ती पुन्हा पुढे वळली. “मला असं वाटतं की आई ऐकून घेत नाही आणि ओरडते. म्हणून मला बाबांकडे राहायचंय.” वडिलांकडे बघितलं. “आणि मी पण ओरडते. मी आईसारखी आहे.”

न्यायाधीशबाईंचं पेन थांबलं.

“मी हट्टी आहे म्हणून आई गेली,” मुंगी म्हणाली. तिचा आवाज बारीक होत होता, पण शब्द स्पष्ट. तिनं मांडीवरचा फ्रॉक मुठीत धरला होता. “माझ्यामुळे भांडणं झाली. मला असं वाटतं की मी नसते तर बरं झालं असतं.”

“बाळ, झालं, मला कळलं,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मेवाल्याकडे बघितलं, आज पहिल्यांदा नीट बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो ओठ घट्ट मिटून बसला होता. पहिल्यांदाच त्याला ‘बरोबर’ म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं. माझ्या पत्रातली ओळन् ओळ त्या टेबलासमोर उभी होती. अजून दोन मिनिटं, अजून एक-दोन फेऱ्या, आणि कुणाला काही समजावून सांगायची गरजच उरली नसती.

शेजारी ड्रायव्हर उठायला लागली. मी टेबलाखाली तिचं मनगट धरलं. “थांब,” मी कुजबुजले. “थांब, त्यांना बघू दे. आपण जिंकतोय.”

“मी वाईट मुलगी आहे,” मुंगी म्हणाली. वडिलांकडे बघितलं, न्यायाधीशबाईंकडे, छताकडे. “मी खूप वाईट मुलगी आहे. मला कुणाकडेच ठेवू नका. मी…” तिला पुढचं सुचेना. ओठ हलत होते आणि त्यातून काही येत नव्हतं. खुर्चीच्या पायाशी पाण्याचा थेंब पडला, मग धार लागली. पोरीला कळलंही नाही.

“बरोबर!” तिची आई ओरडली. माझा हात हिसडून ती टेबलाला वळसा घालून धावली आणि तिनं गुडघ्यांवर बसून मुंगीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “बरोबर, मुंगे. सगळं बरोबर. तू पहिल्यांदा म्हणालीस ना, ते बरोबर. झालं हं. झालं.”

मुंगीनं डोळे मिटले. खांदे खाली आले. ती आईच्या अंगावर कलंडली आणि गप्प झाली.

न्यायाधीशबाईंनी शिपायाला हाक मारून फरशी पुसायला सांगितली. मग पेन उचललं. “लहान मुलांना इथं ताण येतोच,” त्या हळू म्हणाल्या, बहुतेक स्वतःलाच. आणि मुंगीच्या आईला, “तुम्ही आत्ता जे म्हणालात, की मुलीचं म्हणणं बरोबर आहे, ते मी तुमची संमती म्हणून नोंदवू?”

तिची वकीलीण धडपडत उठली. “नाही, बाईसाहेब, माझ्या अशिलाला तसं…”

“मी यांना विचारतेय.”

मुंगी आईकडे बघत होती. पुन्हा तीच नजर, आता उत्तर काय येतं त्याची वाट बघणारी. नाही म्हटलं असतं, तर ते ‘बरोबर’ खोटं ठरलं असतं, आणि पोर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती.

“नोंदवा,” ती म्हणाली.

बाहेर बाकावर मी तिच्या शेजारी बसले. चष्मेवाला मुंगीला कोरडे कपडे घालून, हाताला धरून, जिन्यावरून खाली नेत होता. जाताना त्यानं मला मान लववून नमस्कार केला. मला राग आवरेना. त्याचा राग, त्या न्यायाधीशबाईंचा राग, माझा स्वतःचा राग, आणि तो सगळा बाहेर पडला तो तिच्यावर.

“दोन मिनिटं!” मी म्हणाले. “फक्त दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं तुला? त्यांना दिसत होतं सगळं! पोर तुझी झाली असती!”

ती जिन्याकडे बघत होती. मुंगीच्या दोन वेण्या वळणावर दिसेनाशा झाल्या, तेव्हा तिनं शर्टाची बटणं नीट केली आणि उठली. तीनची बस तिची होती.

“तुम्हाला जमतं ते, ताई,” ती म्हणाली. “पोरगी समोर असं बोलत असताना बसून राहायला. मला नाही जमलं.”